पट्टी कुणाची धरायची? सोलापुरात ध्वनिमुद्रित झालेल्या एका सिंथ-पॉप अल्बमचा प्रकरण अभ्यास

सोलापुरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की व्हायोलिनवाल्यांच्या रांगा कुणालाही आठवत नाहीत. गणपतीतला मंडप, माईक हातात घेऊन फिरणारा निवेदक, कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या फर्माइशी हे सगळे त्या एका शब्दात येते. त्यामुळे एक तरुण गायिका आणि तिचा कीबोर्डवादक मित्र डिसेंबरात माझ्या स्टुडिओत आले आणि ‘इलेक्ट्रॉनिक आणि ऑर्केस्ट्राचे आवाज एकत्र आणून मराठी अल्बम करायचा आहे’ असे म्हणाले, तेव्हा पहिला अर्धा तास आम्ही तिघे एकाच शब्दाचे तीन अर्थ घेऊन बोलत होतो. गायिकेच्या मनात पाश्चात्त्य धर्तीचा वाद्यवृंद होता, तिच्या मित्राच्या मनात कीबोर्डमधला ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा तयार आवाज होता, आणि माझ्या मनात, बरीच वर्षे भजने, निवडणुकीची गाणी व शाळांची स्नेहसंमेलने ध्वनिमुद्रित करीत आल्यामुळे, फक्त खर्चाचा आकडा होता.

पुढच्या अकरा महिन्यांत नऊ गाणी ध्वनिमुद्रित झाली, आठ प्रसिद्ध झाली. संबंधितांच्या इच्छेनुसार कुणाचेही नाव येथे दिलेले नाही. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे, की इलेक्ट्रॉनिक आणि जिवंत वाद्यांच्या मिश्रणाविषयी बोलताना बहुतेक चर्चा आवाजाच्या रंगावर, म्हणजे कोणता सिंथ (सिंथेसायझर) कोणत्या वाद्याशी शोभतो यावर होते. आमच्या कामात मात्र रंगाने फारसा त्रास दिला नाही. नाकी नऊ आणले ते सुराने आणि वेळेने. संगणकाचा सूर आणि ठोका अढळ असतो, माणसाचा दोन्ही बाबतींत हलतो, आणि या दोघांपैकी कुणी कुणाच्या मागे जायचे हे आम्ही सुरुवातीला ठरवलेच नव्हते. माझे मत आधीच सांगतो: यंत्राला माणसाच्या मागे चालवणे स्वस्त पडते. आम्हाला ते उशिरा आणि महाग मार्गाने कळले.

सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या सिंथ-पॉपचा जन्मच मुळी वाद्यवृंदाच्या अनुपस्थितीत झालेला आहे. १९७० मध्ये बाजारात आलेल्या मिनीमूगसारख्या, उचलून नेता येणाऱ्या सिंथेसायझरमुळे एकटादुकटा वादक पूर्वी अनेक माणसे लागत ते काम करू लागला. १९७८ मध्ये टोकियोत ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ आणि इंग्लंडात ‘ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क’ असे दोन गट सुरू झाले. नावांत ऑर्केस्ट्रा, हाताशी मात्र सिंथ. (या हिशेबाने आमचा गणपतीतला ऑर्केस्ट्राही आंतरराष्ट्रीय परंपरेतला ठरतो.) वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ मध्ये मिडी ही सामाईक भाषा आली, त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स७ हा डिजिटल सिंथेसायझर आला, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या चित्रपटसंगीतातून व्हायोलिनवादकांचे ताफेच्या ताफे कमी होत गेले. मिडीच्या एक वर्ष आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या सिंथेसायझरवर आणि ताल-यंत्रांवर थेट राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली होती, तिची दखल घ्यायला जगाला जवळजवळ तीन दशके लागली.

या इतिहासातली एक गोष्ट आम्हाला प्रत्यक्ष उपयोगी पडली. १९७० च्या दशकात सोलिनासारखी ‘स्ट्रिंग मशीन’ निघाली. तिच्यात एकच आवाज किंचित मागेपुढे व किंचित वरखाली होणाऱ्या अनेक प्रतींमध्ये विभागून पुन्हा एकत्र केला जात असे. वाद्यवृंदातले बारा व्हायोलिनवादक एकच सूर वाजवताना काही सेंटांनी आणि काही मिलिसेकंदांनी वेगळे असतात, आणि कानाला जो मखमली समूहस्वर जाणवतो तो या चुकांचाच असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. म्हणजे समूहाचा आवाज माणसांच्या संख्येतून येत नाही, त्यांच्यातल्या फरकातून येतो. तेव्हा फरक निर्माण करता आला तर माणसे कमी चालतील.

याच विचाराने पुण्याहून एकच चेलोवादक बोलावला. तो संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने रात्री सोलापूरला उतरला, एक पूर्ण दिवस वाजवले आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या हुतात्माने परत गेला. त्या एका दिवसात त्याने तीन गाण्यांतली प्रत्येक ओळ चार-चार वेळा वाजवली, आणि दर वेळी आम्ही त्याची खुर्ची हलवली, माईकचे अंतर बदलले आणि त्याला आधीची फेरी कानात ऐकू दिली नाही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची होती. पहिल्या गाण्यात आम्ही ती पाळली नव्हती. तो स्वतःच्याच मागे इतका तंतोतंत गेला की चार चेलोंऐवजी एकच चेलो पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा ऐकू येऊ लागला.

स्थानिक वाद्यांच्या बाबतीत सोलापूर श्रीमंत आहे, पण ती श्रीमंती वाद्यवृंदाच्या पुस्तकात सापडत नाही. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ही चार बोलणी एका गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन शिकलेली माणसे मिळतात. लग्नांचे ब्रास बँड आहेत. शिवाय सुंदरी आहे. सनईहून आखूड, आवाजाने तीक्ष्ण, आणि सोलापूर-अक्कलकोट भागात जाधव घराण्याने नावारूपाला आणलेली. आम्ही एक निवृत्त शिक्षिका असलेल्या व्हायोलिनवादक बाई, एका बँडचे मास्तर व त्यांची चार माणसे, आणि एक सुंदरीवादक अशी जुळवाजुळव केली. बँडमध्ये दोन क्लॅरिनेट, एक ट्रंपेट, एक युफोनियम (खालच्या सुरांचे पितळी वाद्य) आणि साईड ड्रम होता. मास्तर स्वतः क्लॅरिनेटवर.

जानेवारीत, हवा छान असताना, सर्व गाण्यांचा सिंथचा सांगाडा तयार झाला आणि गायिकेने सगळी गाणी गाऊनही टाकली. सिंथ अर्थातच प्रचलित पट्टीत, म्हणजे मधल्या ‘ए’ला ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपने) धरून लावलेला होता. ही पट्टी कुणी निवडलीच नव्हती. यंत्र सुरू केले की ती असतेच.

एप्रिलची दुपार

बँडवाल्यांना लग्नसराईत वेळ मिळाला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला, आणि तोही दुपारी एक ते चार. सकाळी अक्षता, संध्याकाळी वरात, मधली दुपार रिकामी. माझ्या स्टुडिओत पाच माणसे वाद्यांसह मावत नाहीत, म्हणून होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचे सभागृह तीन दुपारींसाठी मिळवले. सोलापूरच्या एप्रिल-मेविषयी वाचकांना वेगळे सांगायला नको. पंख्यांचा आवाज माईकमध्ये येत असल्याने पंखे बंद, दारे बंद, आणि भिंतीवरचा तापमापक ३९ अंशांवर.

पहिल्या गाण्याचा सिंथ कानात सोडून बँडने मुखडा वाजवला आणि चौथ्या मात्रेवर मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. ‘‘साहेब, तुमची पेटी उतरलीय,’’ ते म्हणाले. कीबोर्डवादकाने तत्परतेने सांगितले, की पेटी डिजिटल आहे, ती उतरत नाही, चढला असेल तर बँड चढलाय. यावर मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवले. ‘‘तीस वर्षं वाजवतोय मी. एकटा मी चढीन, ही चौघं बी संगट चढली व्हय?’’

दोघेही बरोबर होते, आणि हेच या प्रकरणाचे मूळ आहे. सूरमापकावर बँड ४४७ ते ४४९ च्या दरम्यान दिसत होता. फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर नळीतल्या हवेच्या लांबीवर आणि त्या हवेतल्या ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३९ अंशांना तो सुमारे ३५४ होतो, आणि नळीची लांबी तीच राहिल्यामुळे सूर चढतो. नुसत्या सूत्राने पाहिले तर हा फरक अर्ध्या सुराच्या निम्म्याहून थोडा अधिक निघतो. प्रत्यक्षात तो कमी भरतो, कारण वाजवणाऱ्याचा श्वास नळीतली हवा थंडीतही काही प्रमाणात गरम ठेवतोच आणि अनुभवी वादक ओठांनी सूर थोडा दाबतो. तरीही आमच्याकडे सत्तावीस ते पस्तीस सेंटांचा फरक उरला होता. सिंथ ४४० वर आणि ट्रंपेट ४४७ वर एकच सूर धरतात तेव्हा कानात सेकंदाला सात हेलकावे येतात. त्या सभागृहात तो सूर थंडी वाजल्यासारखा थरथरत होता.

क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणाऱ्या डिजिटल वाद्याला उन्हाळा-हिवाळा कळत नाही, म्हणून कीबोर्डवादकाला आपली बाजू निर्विवाद वाटत होती. जुन्या मिनीमूगच्या वादकांना विचारले असते तर त्यांनी त्याला हसून बाजूला बसवले असते, कारण त्या यंत्राचे सूर खोली तापली की आपोआप सरकत. आणि ४४० हा काही निसर्गनियमही नव्हे. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ४५२ च्या आसपासच्या पट्टीत वाजवत होते, आणि आपल्याकडचे लग्नाचे बँड हे त्या लष्करी बँडचेच वंशज आहेत.

त्या दुपारी आम्ही प्रथम सोपा उपाय केला. ट्रंपेटची सूर लावायची नळी आणि क्लॅरिनेटचे वरचे पेर बाहेर ओढून वाद्ये लांब केली, म्हणजे सूर उतरेल. तो उतरला, पण सारखा उतरला नाही. मुख्य नळी फार ओढली की पडद्यांच्या छोट्या नळ्या तिच्या प्रमाणात राहत नाहीत, आणि क्लॅरिनेटचे वरच्या छिद्रांचे सूर खालच्यांपेक्षा जास्त पडतात. म्हणजे ‘ए’ ४४० वर आला, पण बाकीचे वाद्य स्वतःशीच बेसूर झाले. आगीतून फुफाट्यात. दुसरा उपाय मी रात्री स्टुडिओत केला: बँड जसा वाजला तसा घेऊन संगणकावर २७ सेंटांनी खाली आणला. लांब सुरांना ते चालले. पण ट्रंपेटचा सूर ज्या क्षणी फुटतो ती धार बोथट झाली आणि क्लॅरिनेट डबीत कोंडल्यासारखे ऐकू आले. गायिकेने ते ऐकून एवढेच विचारले, की हेच हवे होते तर कीबोर्डमधला क्लॅरिनेट काय वाईट होता. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सिंथ वर नेला. बहुतेक प्रत्येक कीबोर्डमध्ये संपूर्ण वाद्याची पट्टी सरकवण्याची सोय असते, आणि ती मेनूत इतकी आत असते की वर्षानुवर्षे वाजवणारे लोक तिकडे फिरकत नाहीत. मास्तरांशी बोलून आम्ही ४४६ ठरवले. आकडा असाच नव्हता काढलेला: एप्रिलच्या उन्हात नळ्या किंचित बाहेर ओढून बँड तिथे येत होता, आणि पुढे आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबल्यावर, गणपतीच्या आधीच्या मोकळ्या आठवड्यांत हीच माणसे उरलेल्या ओळी वाजवायला येणार होती, तेव्हा नळ्या पूर्ण आत ढकलून त्याच सुरावर पोहोचणे शक्य होते. श्रावणात तसेच झाले. खोलीत २७ अंश होते आणि ट्रंपेटवाल्याने नळी आत ढकलताना ‘‘आता उलटं,’’ एवढेच म्हटले.

हिशेब मात्र गायिकेच्या नावावर लागला. बँड असलेली गाणी पाच होती आणि ती पाचही जानेवारीत ४४० वर गाऊन झाली होती. सुमारे २३ सेंट वर गायला गळ्याला कष्ट पडत नाहीत, पण जानेवारीतला एक सूर, एक श्वास परत मागून मिळत नाही. चार गाणी तिने पुन्हा गायली. पाचव्याला तिने ठाम नकार दिला, आणि तिचे बरोबर होते असे मला आता वाटते. त्या गाण्यातून आम्ही बँडच काढून टाकला आणि चेलो ठेवला. जो निर्णय डिसेंबरात एका दुपारच्या तालमीने झाला असता त्यासाठी आम्ही चार गाण्यांचे गायन, दोन आठवडे आणि गायिकेचा थोडा विश्वास खर्च केला. यात चूक माझी होती. फुंकून वाजवायची वाद्ये येणार हे माहीत असताना पट्टी न ठरवता गायन घेणे हे माप न घेता कापड फाडण्यासारखे आहे.

ठोका

वेळेच्या बाबतीत आम्ही त्यामानाने लवकर शहाणे झालो. सिंथ-पॉपचा कणा म्हणजे एकसारखा चालणारा ठोका आणि त्यावर धावणारी सोळाव्या मात्रेची सुरावट. बँडला कानात क्लिक, म्हणजे ठोका दाखवणारी टिकटिक, देऊन पहिल्या पाच फेऱ्या घेतल्या, त्या पाचही मेलेल्या निघाल्या. ही माणसे आयुष्यभर मास्तरांच्या खांद्याकडे आणि साईड ड्रमच्या काठीकडे पाहत वाजवतात. कानात टिकटिक सुरू झाली की ती एकमेकांकडे पाहायचीच थांबतात. मग क्लिक फक्त साईड ड्रमवाल्याला दिली. सुधारणा झाली, पण तो एकटा बिचारा दोन धन्यांचा चाकर झाला. तिसऱ्या दुपारी क्लिक बंद करून बँडला मोकळे वाजवू दिले.

त्यानंतर उलटे काम करावे लागले. एका गाण्यात, जे साडेतीन मिनिटांचे होते, मी दोन रात्री बसून जवळजवळ ३९० ठोके हाताने खुणावले आणि संगणकाला सांगितले की तुझा ठोका हा. वेग मिनिटाला १०९ ते ११६ च्या दरम्यान हलत होता: कडव्याच्या शेवटी बँड श्वास घेत असे, मुखड्यावर परत येताना धावत असे. सिंथची सुरावट त्या नकाशावर बसवली तेव्हा यंत्र प्रथमच गाण्यात श्वास घेताना ऐकू आले. एक खोच मात्र राहिली होती. नकाशा ड्रमच्या ठोक्यांवरून केलेला होता. सिंथचा सूर क्षणात उमटतो, युफोनियमचा सूर फुंकल्यापासून भरायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे खुणा अचूक असूनही सिंथ घाईत वाटत होता. १८ मिलिसेकंद मागे सरकवल्यावर दोघे एकत्र उतरले. ११२ च्या वेगात सोळावी मात्रा सुमारे १३४ मिलिसेकंदांची असते, त्यातले १८ म्हणजे काहीच नाही असे कागदावर वाटते. कानाला ते पायरी चुकल्यासारखे लागत होते.

बाईंचा गांधार

व्हायोलिनची कहाणी वेगळी आहे, कारण तिथे ना उन्हाळा आड आला ना क्लिक. बाई स्टुडिओतच आल्या. कर्नाटक पद्धतीप्रमाणे मांडी घालून जमिनीवर बसून, व्हायोलिनचे टोक उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवून त्या वाजवतात, म्हणजे वाद्य खाली झुकलेले असते आणि आवाज जमिनीवर आपटून येतो. खाली दोन चादरी घातल्या. (सोलापुरात स्टुडिओ काढणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी भिंतींनाही चादरी टांगलेल्या असतात. त्याने आवाजाचा फक्त वरचा पदर शोषला जातो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली गोधडीत बोलल्यासारखी होते. शंभर हर्ट्झचा सूर शोषायचा तर पदर भिंतीपासून पाऊण-एक मीटर लांब हवा. पण जमिनीवरच्या चादरीने काम नक्की होते.)

बाईंनी सूर मिळवला, आम्ही त्यांच्या सांगण्यावरून तंबोरा सुरू ठेवला, आणि त्यांनी वाजवलेली ओळ एकटी ऐकताना सगळे गप्प झाले. तिच्याखाली सिंथचा भरीव, लांब पॅड, म्हणजे मागे धरून ठेवलेला सूरसमूह, लावला की मात्र बाई बेसूर वाटू लागत. त्या पाच मिनिटे ऐकून म्हणाल्या, ‘‘तुमच्या मशीनचा अंतर गांधार वर आहे.’’

अंतर गांधार म्हणजे आपला शुद्ध गंधार. षड्जापासून तंबोऱ्याशी मिळणारा हा स्वर ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटांवर असतो. कीबोर्डच्या समान वाटणीच्या सप्तकात तो ४०० वर बसवलेला असतो. चौदा सेंटांचा हा फरक भराभर वाजणाऱ्या सुरांत कुणाला कळत नाही, पण आठ-आठ मात्रा थांबलेल्या पॅडमध्ये कीबोर्डचा गंधार ठाण मांडून बसतो आणि खऱ्या गंधाराला खोटे पाडतो. त्यातून बाईंचा गांधार एका जागी उभाही राहत नाही, त्याला गमक, म्हणजे सुराभोवतीचा हेलकावा, असतो. बाईंना ‘जरा वर घ्या’ असे सांगण्याचा विचार आमच्यापैकी एकाच्या मनात आला होता, तो मीच. सुदैवाने तोंडातून निघाला नाही.

आम्ही पॅडमधला गंधारच काढून टाकला. षड्ज आणि पंचम ठेवले. पंचम समान वाटणीत ७०० वर आणि नैसर्गिक ७०२ वर असतो, तो फरक कुणाला जाणवत नाही. आता गाण्यात गंधार फक्त बाई आणि गायिका घेत होत्या. पॅड पोकळ होईल अशी कीबोर्डवादकाला भीती होती, ती खोटी ठरली: सुरावटीची जागा मोकळी झाल्यामुळे व्हायोलिन आपोआप पुढे आले आणि मला मिक्समध्ये त्याचा आवाज वाढवावा लागला नाही. या अल्बममधले सर्वांत चांगले तीन मिनिटांचे संगीत कोणते असे विचारले तर मी याच गाण्याकडे बोट दाखवीन, आणि त्यात आम्ही घातलेले काही नाही, काढलेले तेवढे आहे.

सुंदरीच्या बाबतीत हाच न्याय लावताना हात टेकले. तिचा आवाज कानाला सर्वाधिक टोचणाऱ्या, दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात भरतो. गायिकेची व्यंजनेही तिथेच आणि सिंथची मुख्य ओळही तिथेच. सिंथची ओळ काढली, मग पॅड काढला, मग ताल-यंत्र पातळ केले. शेवटी एक उत्तम सुंदरीवादन आणि खाली एक षड्ज एवढेच उरले, ज्याचा या अल्बमशी संबंध राहिला नव्हता. ते नववे गाणे. वादकाला त्याचे पूर्ण मानधन आणि ध्वनिमुद्रणाची प्रत दिली.

आता मागाविषयी. सोलापूरचा अल्बम म्हटल्यावर यंत्रमागाचा खटखटाट तालासाठी वापरावा असे गायिकेला पहिल्या दिवसापासून वाटत होते, आणि तिचे आजोबा अशोक चौकाकडच्या कारखान्यात मागावर होते, तेव्हा तो तिचा हक्कच होता. मला ती कल्पना रेल्वे स्थानकावर विकायला ठेवलेल्या चादरीसारखी वाटत होती. ध्वनिमुद्रण केले, तो माग मिनिटाला १०४ फेऱ्यांच्या आसपास चालत होता, म्हणजे नाचाच्या गाण्याचा वेग, पण पट्टा घसरला की धोटा अडखळे. ताल म्हणून तो कुठेच बसला नाही. मात्र अल्बमचा क्रम लावताना वेगळीच अडचण पुढे आली: चार गाणी ४४० वर आणि चार ४४६ वर. एकापाठोपाठ ऐकताना पट्टी बदलल्याचा धक्का बसत होता, आणि वरून खाली येताना तर पुढचे गाणे आजारी वाटत होते. म्हणून खालच्या पट्टीची चार आधी ठेवली, वरच्या पट्टीची चार नंतर, आणि मध्ये वीस सेकंद नुसता माग. मागाला सूर नसतो. त्या वीस सेकंदांत कान आधीचा षड्ज विसरतो.

मिक्सविषयी एकच गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. लोक हे संगीत मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणार होते, आणि त्यावर सिंथचा खोल बेस, जो जवळजवळ निव्वळ एकाच कंपनाचा असतो, सरळ नाहीसा होतो. युफोनियमचा मूळ सूरही तिथे उमटत नाही, पण त्याची वरची उपकंपने उमटतात आणि त्यांवरून कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. दोघांना एकच ओळ दिल्यावर मोबाईलवर युफोनियमने आणि रिक्षातल्या मोठ्या स्पीकरवर सिंथने ती उचलून धरली. अंतिम पातळी, स्पॉटिफाय ज्या पातळीवर गाणी आणून ठेवते त्या उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आसपास ठेवली. उगाच दाबून मोठा केलेला आवाज तिथे पुन्हा खालीच येतो आणि दाबल्याचे नुकसान तेवढे उरते.

पैशांचा आणि श्रेयाचा भाग मास्तरांनी स्वतः काढला. कीबोर्डविषयी त्यांचा राग जुना होता: वरातीच्या गाडीवर कीबोर्ड आणि भोंगे चढले तसतसे त्यांच्या बँडमधले क्लॅरिनेट सहावरून दोनावर आले होते. वादकालाही आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो, तो सादरीकरणाच्या वर्षानंतर ५० वर्षे टिकतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापराच्या उत्पन्नात त्याला वाटा मागता येतो, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावले. साध्या मराठीत एक पानी कागद केला, रोख मानधन वेगळे आणि उत्पन्नातला वाटा वेगळा असा, आणि पाचही जणांची नावे श्रेयात त्यांच्या वाद्यांसह टाकली. तो कागद एप्रिलमध्ये व्हायला हवा होता, झाला ऑगस्टमध्ये. तोवर ती माणसे केवळ शब्दावर वाजवत होती.

अल्बम ऑक्टोबरच्या शेवटी प्रसिद्ध झाला. तुळशीची लग्ने लागून पहिले मुहूर्त निघाले त्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. अल्बम कसा चालला याची चौकशी त्यांनी केली नाही. गाडीवरच्या त्यांच्या कीबोर्डची पट्टी कुठून सरकवायची, एवढे त्यांना हवे होते. मी संध्याकाळी सात रस्त्यापाशी गेलो. वरात उभी होती, घोड्याला अजून झूल घालत होते. कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराला त्या मेनूचा पत्ताच नव्हता. तीन पाने आत जाऊन आकडा सापडला, ४४० वर, बहुधा खोक्यातून काढल्यापासून तसाच. मास्तरांनी क्लॅरिनेटवर सूर धरला, मी आकडा एकेक वर नेत गेलो. थंडी पडली होती, त्यामुळे ४४३ लाच जुळले. ‘‘उन्हाळ्यात परत यावं लागंल की ओ,’’ ते म्हणाले, आणि पोराला बटण नीट बघून ठेवायला सांगून गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले.